कांडपापासून पाकिटापर्यंत: मसाल्याचा धंदा वाढताना काय, कधी आणि कोणत्या क्रमानं बदलावं

सांगली-कोल्हापूर पट्ट्यात मसाल्याचे बहुतेक धंदे एकाच वाटेनं सुरू होतात. एक कांडप यंत्र, एक गिरणी, एक मोठी लोखंडी कढई, आणि फेब्रुवारी ते मे दारात मिरचीच्या पिशव्या घेऊन नंबर लावणारी गिऱ्हाइकं. मिरची त्यांची, धने-खोबरं त्यांचं, आपली फक्त मजुरी. आमचंही तसंच. मग आसपासचे दुकानदार तयार मसाला मागू लागतात, स्वतःच्या मिरचीचा कांदा-लसूण मसाला पाकिटात जाऊ लागतो, आणि बघता बघता काम घरच्या माणसांच्या आवाक्याबाहेर जातं.

या टप्प्यावर यंत्र कोणतं घ्यावं, कर्ज कुठून काढावं, हे सांगणारे भरपूर भेटतात. त्याहून अवघड असतं ते एका माणसाच्या नाकात, हातात आणि डोक्यात असलेलं काम दहा जणांच्या हाती सोपवणं. आमच्या मते त्याला क्रम आहे. आधी माप लिहून काढायचं, मग माणसं वाढवायची, मग यंत्र, आणि मगच बाजार. हा क्रम उलटा झाला की एकतर चव जाते, नाहीतर पैसा अडकतो.

मजुरीचं काम आणि आपला माल, दोन्ही वेगळे

पहिला बदल अगदी साधा आहे आणि तोच सगळ्यात जास्त टाळला जातो. कांडपाचं गिऱ्हाईक आणि आपला पाकिटाचा माल एकाच यंत्रावर, एकाच वेळी चालवू नये. उखळाच्या तळाशी आणि कडांना दर घाणीनंतर (घाणी म्हणजे एका वेळी घातलेला माल) पाव किलोच्या आसपास माल चिकटून राहतो. एकाची लवंगी दुसऱ्याच्या ब्याडगीत गेली की तिखटपणा बदलतो. हंगामात दारात पंधरा जण बसलेले असताना आपली बॅच मागे पडणार हेही ठरलेलं. आम्ही वेळ वाटून घेतली: सकाळी आठ ते दोन कांडप, त्यानंतर यंत्र झाडून, ब्रशनं खरवडून, मूठभर जाड मीठ फिरवून आपला माल. पाण्यानं यंत्र धुवायचं नाही. ओल राहिली की पुढच्या मालाला गोळे धरतात.

कांडपाच्या गिऱ्हाइकाला नंबराचा पत्र्याचा बिल्ला द्यावा आणि वजन त्याच्यासमोर, दोनदा करावं: आणलेल्या मिरचीचं आणि देठ काढून वाळवलेल्या मिरचीचं. घटीवरून होणारी निम्मी भांडणं इथेच मिटतात. देठांचंच वजन मिरचीच्या ६ टक्क्यांच्या आसपास असतं. ‘पाच किलो दिली होती, मसाला कमी कसा?’ याचं उत्तर वहीत असावं, आपल्या तोंडात असून भागत नाही.

वेगळं करण्याचं दुसरं कारण हिशेबाचं आहे. जीएसटी नोंदणीसाठी महाराष्ट्रात ४० लाखांच्या उलाढालीची मर्यादा आहे, पण ती फक्त माल विकणाऱ्यांना. कांडपाची मजुरी ही सेवा धरली जाते. माल आणि मजुरी दोन्ही करणाऱ्याला मर्यादा २० लाखांची. बरेच जण ४० च्या भरवशावर बसतात आणि हे फार उशिरा कळतं. आणखी एक गोष्ट आमच्या भागापुरती: कोल्हापूरहून निपाणी तासाभराच्या अंतरावर आहे, रोजचं जाणं-येणं आहे, पण निपाणी कर्नाटकात. तिथल्या दुकानाला एक खोकं पाठवलं तरी ती परराज्यातली विक्री, आणि तशी विक्री करायची तर उलाढाल कितीही असो, नोंदणी लागतेच. उलाढालीच्या ठरावीक टक्क्यानं कर भरायची कंपोझिशन योजना घेतली असेल तर परराज्यात माल विकताच येत नाही. सीमाभागात धंदा करणाऱ्यानं योजना निवडण्याआधी आपलं गिऱ्हाईक कुठं आहे, ते नकाशावर बघावं.

अंदाज कागदावर आणणं

हा सगळ्यात लांबचा आणि सगळ्यात मोलाचा भाग. घरी मसाला ‘बघून’ होतो. भाजणाऱ्या काकूंना विचारलं की धने किती भाजायचे, तर त्या म्हणणार, वास सुटेपर्यंत. हे उत्तर खरंच आहे, फक्त ते दुसऱ्याच्या उपयोगाचं नाही. म्हणून विचारायची पद्धत बदलावी लागते. काकूंना काहीही विचारू नये. त्या नेहमीसारखं भाजत असताना शेजारी एकानं घड्याळ, काटा आणि वही घेऊन उभं राहावं. कढईत घातलेलं वजन, उतरवलेलं वजन, आच कमी-जास्त केल्याची वेळ, आणि उतरवल्या क्षणी चमचाभर माल पांढऱ्या कागदावर. आठ-दहा घाणी अशा लिहिल्या की धन्यांचं वजन किती घटतं, खोबऱ्याचा रंग कुठं थांबतो, याच्या सीमा आपोआप दिसतात. त्या सीमा म्हणजे आपलं प्रमाण. मग काचेच्या तीन छोट्या बरण्या भराव्यात: कच्चट, बरोबर, जास्त. त्या भट्टीशेजारच्या फळीवर ठेवायच्या. नव्या माणसाला वास कळायला महिने लागतात, बरणीशी रंग जुळवायला पहिल्या दिवसापासून जमतं. बरण्यांतला माल दर महिन्याला बदलायचा, कारण उजेडात रंग उडतो.

कागदावर प्रमाण लिहिताना एक नियम आम्ही पक्का केला: वजन प्रक्रियेनंतरचं धरायचं. १० किलो मिरचीचं आमचं बॅचकार्ड असं चालतं: देठ काढून वाळवलेली मिरची १० किलो, त्यात ६ ब्याडगी रंगासाठी, ३ संकेश्वरी आणि १ तेजा तिखटासाठी, भाजलेले धने अडीच किलो, भाजलेलं सुकं खोबरं अडीच किलो, तीळ १ किलो, सोललेला लसूण अडीच किलो, तळून निथळलेला कांदा अडीच किलो, मीठ २ किलो, तेल सुमारे दीड ते दोन किलो, जिरे, लवंग, दालचिनी, मिरी, दगडफूल, तमालपत्र वगैरे मिळून १ किलो. कांदा कच्चा मोजला की गडबड होते. एप्रिलमध्ये येणारा उन्हाळ कांदा घट्ट असतो, दिवाळीच्या सुमाराचा लाल कांदा पाणीदार. दोन्ही वेळा दहा किलोच चिरला तर तळून निघणारं वजन वेगळं, शोषलेलं तेल वेगळं आणि मसाल्याची चव वेगळी. ‘पावसाळ्यानंतर तुमचा मसाला बदलतो’ अशी तक्रार येते तिच्या मुळाशी बहुतेक वेळा कांदा असतो, मिरची नसते.

मिरचीचं वजनही फसवं असतं. बाजारात मिरची मोडू नये म्हणून तिच्यावर पाणी मारलेलं असतं, आणि त्या पाण्याचेही पैसे आपण देतो. चांगली वाळलेली मिरची हलवली की बिया वाजतात, दुमडली की तुटते. ओलसर असेल तर नुसती वळते. ओलावा मोजायचं छोटं यंत्र घेणं परवडतं. १० ते ११ टक्क्यांपर्यंत आली की साठवायची आणि दळायची.

कढईतून फिरत्या रोस्टरवर जाताना वेळ दुप्पट-तिप्पट करून चालत नाही. दोन किलोची कढई खाली उतरवली की लगेच निवते. वीस किलोच्या ड्रमचं लोखंड तापलेलं असतं, मालाच्या मधोमध उष्णता कोंडलेली असते, आणि आच बंद केल्यावरही धने काळे पडत राहतात. म्हणून ड्रममधला माल बरणीतल्या रंगापेक्षा एक छटा आधी काढायचा आणि लगेच मोठ्या परातींत दोन बोटांहून पातळ पसरायचा, वर पंखा. लांबून तापमान दाखवणारी थर्मामीटरची बंदूक उपयोगी आहे, पण ती फक्त वरचा थर मोजते. तिच्या आकड्यावर भाजणी सोडू नये. तीळ आणि खसखस ड्रममध्ये घालूच नये. ते तडतडून उडतात, बारीक माल फटीत अडकून करपतो आणि पुढच्या घाणीला कडू वास देतो. त्यांना कढईच बरी.

दळताना पल्व्हरायझर, म्हणजे वेगानं दळणारं यंत्र, झपझप काम करतो, पण माल चांगलाच तापवतो आणि त्या उष्णतेत वास उडतो. कांडप सावकाश चालतं, माल कमी तापतो, म्हणून शेवटचं मिश्रण आम्ही आजही कांडपावरच करतो. पल्व्हरायझरवर फक्त मिरची आणि धने. खोबरं आणि तीळ एकटे घातले की तेल सुटून चाळणी बुजते, मोटर गुंगते आणि लोक मोटरला दोष देतात. ते मिठाबरोबर आणि थोड्या मिरचीपुडीबरोबर कुटले की सुरळीत निघतात. घालायच्या तोंडाशी चांगला लोहचुंबक बसवावा आणि दर बॅचला पुसावा. त्याला चिकटलेली लोखंडाची कीस एकदा पाहिली की पुन्हा कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

सगळ्यात जास्त माल खराब होतो तो दळण आणि पॅकिंग यांच्या मधल्या घाईत. मसाला गरम असतानाच पाकिटात सील केला की आत वाफ धरते, आठवड्यात गोळे होतात, पुढे बुरशी. ऑर्डरचा टेम्पो दारात उभा असला तरी मसाला रात्रभर पसरून निवलेला असल्याशिवाय पॅकिंगच्या खोलीत जाणार नाही, हा नियम मालकानंही मोडायचा नाही. लसूण-कांद्याची ओल राहिली असेल तर तीही इथेच कळते: मूठ दाबली की गोळा टिकून राहतो. तो माल पुन्हा कोरड्या आचेवर घ्यायचा.

प्रत्येक बॅचला क्रमांक, आणि प्रत्येक बॅचचा २०० ग्रॅम नमुना तारीख संपेपर्यंत कपाटात. बॅच सोडण्याआधी दोघांनी चव बघायची: चमचाभर मसाला गरम तेलात, वर वाटीभर उकळतं पाणी, आणि शेजारी मागच्या बॅचचा तसाच रस्सा. एकट्या नव्या बॅचची चव घेऊन काहीच कळत नाही, जीभ ‘बरी आहे’ म्हणून मोकळी होते. दोन वाट्या समोर असल्या की फरक बोलतो.

माणसं

कामावर येणाऱ्या बहुतेक बायका आसपासच्या गल्ल्यांतल्या, ओळखीच्या, नात्यातल्या. त्यामुळे शहरातल्या कंपनीचे नियम उचलून इथे लावता येत नाहीत. कामाचं वर्ष त्यांच्या वर्षाशी जुळवावं लागतं. मसाल्याचा ऐन हंगाम म्हणजे मार्च ते मे. त्याच दिवसांत लग्नसराई, गावच्या जत्रा आणि चैत्र पौर्णिमेची ज्योतिबाची यात्रा. यात्रेच्या दिवसांत हजेरी निम्मी होणार हे माहीत असतं, तरी दरवर्षी ऑर्डरी त्याच तारखांना घेतल्या जातात. जानेवारीतच भिंतीवर कॅलेंडर लावून प्रत्येकीकडून सुट्ट्या आधी लिहून घ्याव्यात. त्या आठवड्यात भाजणी-दळण बंद ठेवून फक्त तयार मालाची पाठवणी करावी.

काम सोपवण्याचा क्रम आम्ही असा धरला: ज्या कामाची तपासणी डोळ्यांनी होते ते आधी, ज्याची नाकानं होते ते नंतर. म्हणजे पॅकिंग आणि पाठवणी सर्वांत आधी, मग जमा-खर्च, मग दळण, मग भाजणी, आणि मिरचीची खरेदी सगळ्यांत शेवटी. उलटं करणारे पुष्कळ आहेत. खरेदीला माणूस ठेवतात आणि स्वतः रात्री दहापर्यंत पाकिटं सील करत बसतात, कारण पॅकिंग ‘आपल्यालाच नीट जमतं’. मालकाचा वेळ तिथे घालवणं म्हणजे सर्वांत महाग मजूर सर्वांत सोप्या कामावर लावणं.

शिकवताना चार पायऱ्या: शेजारी उभं राहून बघणं, शेजारी उभं राहून करणं, एकटीनं करून प्रत्येक घाणी दाखवणं, आणि शेवटी दिवसातून एकच नमुना दाखवणं. तिसऱ्या पायरीवरून चौथीवर घाईनं जाऊ नये. भिंतीवर एक तक्ता असावा, उभ्या ओळीत नावं, आडव्या ओळीत कामं, आणि चौकोनात १ ते ४ आकडा. ज्या कामाच्या रकान्यात ४ एकाच नावापुढे आहे, ते काम धोक्यात आहे. भाजणाऱ्या काकू आजारी पडल्या की युनिट बंद, ही अवस्था तक्त्यावर आधीच दिसते. प्रत्येक कामाला निदान दोन ‘४’ हवेत, आणि हंगाम सुरू व्हायच्या आधी.

मुकादमाची नेमणूक नाजूक असते. सगळ्यांत चांगलं भाजणाऱ्या बाईला मुकादम केलं की चांगली भाजणारी जाते आणि मुकादम मिळेलच असं नाही. शिवाय पंचवीस वर्षांच्या मुलीनं गल्लीतल्या काकूंना ‘पुन्हा करा’ म्हणणं तिला जड जातं आणि त्यांना लागतं. यावर तोडगा फळा. सकाळी दहा मिनिटं सगळ्या फळ्यापुढे: आज कोणती बॅच, किती पाकिटं, काल काय परत आलं. पाकीट गळकं निघालं तर मुलगी म्हणते, ‘काकू, फळ्यावर लिहिलंय बघा, सील दोनदा दाबायचं.’ बोलणं फळ्याचं होतं, मान काकूंचा राहतो. चूक झालेल्या बॅचबद्दल सगळ्यांसमोर नाव घेऊन बोलायचं नाही, हा मालकासाठीचा नियम. एकदा चारचौघांत बोल लागला की पुढची चूक लपवली जाते, आणि लपवलेली चूक दुकानात सापडते.

मजुरीच्या पद्धतीचाही विचार करावा. पॅकिंग नगावर दिलं की आकडा वाढतो, पण सील अर्धवट राहते आणि काट्यावर दोन-चार ग्रॅम जास्तच पडतात, कारण बरोबर करत बसायला वेळ लागतो. २०० ग्रॅमच्या पाकिटात ४ ग्रॅम जास्त म्हणजे २ टक्के. हजार पाकिटांमागे ४ किलो मसाला फुकट. म्हणून भरणं आणि सील करणं हजेरीवर, आणि देठ काढणं, लसूण सोलणं नगावर किंवा किलोवर, अशी विभागणी ठीक चालते. उचल नाकारता येत नाही आणि नाकारूही नये, कारण अडचण खरी असते. पण ती वहीत सहीनिशी, महिन्याच्या पगाराच्या ठरलेल्या हिश्शापर्यंतच, आणि दर पगाराला थोडी थोडी कापून. तोंडी उचल दोन्ही बाजूंना वेगळी आठवते. बाजाराच्या दिवशी आठवड्याचा पगार मिळायची सवय असते. तो एकदम महिन्यावर नेला की घरखर्च कोलमडतो. आधी पंधरवडा, मग महिना, आणि बँक खातं बाईच्याच नावावर.

आणि मिरचीचा ठसका. घरची माणसं सवयीनं सोसतात, नव्या बायका सोडून जातात. खेचणारे पंखे, तोंडाला दाट विणीचा मास्क, डोळ्यांना चष्मा, हाताला मोजे, दर दोन तासांनी दळणावरच्या माणसाची बदली, आणि देठ काढणाऱ्यांना संध्याकाळी हाताला लावायला तेल. याचा खर्च किरकोळ आहे आणि तो पहिल्या दिवसापासून व्हायला हवा. वस्तीत युनिट असेल तर हाच ठसका शेजाऱ्यांचं भांडण होऊन येतो. महिन्याला टनभर माल होऊ लागला की जागा बदलण्याचा विचार सुरू करावा, आणि जागा बघतानाच थ्री फेजची वीजजोडणी, मंजूर भार आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती यांची चौकशी करावी. जागा घेतल्यानंतर नव्हे.

संख्येबरोबर येणारे कायदे

हे थोडक्यात, पण वेळेवर. अन्नसुरक्षेच्या नोंदणीवरून परवान्यावर जाणं उलाढालीवर ठरतं. परवाना घेतलेल्या उत्पादकाला दर सहा महिन्यांनी मालाची प्रयोगशाळेत तपासणी आणि ३१ मेपर्यंत वार्षिक विवरण ही कामं लागतात. ती तारीख नेमकी हंगामात येते, म्हणून एप्रिलमध्येच उरकावी. काटा दरवर्षी वैधमापन, म्हणजे वजन-मापाच्या सरकारी खात्याकडून तपासून शिक्का घेतलेला हवा. पाकिटावर निव्वळ वजन, सर्व करांसह छापील किंमत, तयार केल्याचा महिना-वर्ष, तक्रारीसाठी पत्ता आणि फोन, १४ अंकी परवाना क्रमांक, आणि प्रति ग्रॅम दरही. दहा माणसं झाली की लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याखालची अंतर्गत समिती नेमावी लागते. बायकांचं युनिट असलं तरी. टेम्पोवाले, मिस्त्री, माल उतरवणारे पुरुषच असतात. वीस माणसांवर भविष्य निर्वाह निधी, म्हणजे दोन्ही बाजूंनी १२ टक्के. हंगामी आणि अर्धवेळ येणाऱ्यांचीही नावं हजेरीपटावर असू द्यावीत. नावं गाळून संख्या एकोणीसवर ठेवणारे अपघात झाल्यावर अडकतात. व्यवसाय करात महाराष्ट्रात २५ हजारांपर्यंत मासिक पगार असलेल्या स्त्रियांना माफी आहे, तरी अनेक ठिकाणी पगारातून २०० रुपये कापले जातात. हिशेबनिसाला विचारून थांबवावेत.

पैसा कुठं अडकतो

मिरची दोन-तीन महिन्यांत घ्यायची आणि वर्षभर विकायची, हा या धंद्याचा मूळ पेच. महिन्याला १ टन मसाला विकायचा तर वरच्या प्रमाणानं वर्षाला सुमारे ५ टन मिरची लागते. २०० रुपये किलोनं धरली तरी १० लाख रुपये मिरचीतच, तेही हंगामात एकदम. आणि ती मिरची २०० ला पडतच नाही. १०० किलोमागे ६ किलो देठ, ३-४ किलो ओल आणि माती गेली की हातात ९० राहते. म्हणजे दर २२२. पाकिटाची किंमत २०० वर काढली की वर्षाच्या शेवटी नफा कुठं गेला ते सापडत नाही. त्यावर दुकानदाराचे छापील किमतीतले १५ ते २० टक्के, वितरक असेल तर आणखी ८ ते १०, गाडीभाडं, परत आलेला माल, आणि घरच्या माणसांचा पगार. घरच्यांचा पगार पहिल्या दिवसापासून हिशेबात धरावा, उचलला नाही तरी. नाहीतर पहिला बाहेरचा माणूस ठेवताच धंदा तोट्यात दिसतो.

मोठी खरेदी करताना सगळी मिरची एका बाजारातून, एका दरानं घेऊ नये. ब्याडगी मिरची ब्याडगी गावाहून, तिखट मिरची गडहिंग्लजच्या बाजारातून, असं वाटून आणि तीन-चार टप्प्यांत. पावसाळ्याच्या आधी उरलेला साठा शीतगृहात टाकावा. बाहेर ठेवलेल्या मिरचीचा रंग सप्टेंबरपर्यंत विटतो आणि कीड लागते. शीतगृहातून काढलेली गोणी लगेच उघडायची नाही. थंड मिरचीवर हवेतली ओल बसते, म्हणून गोणी बंदच एक दिवस बाहेर राहू द्यावी.

दुकानदारांची उधारी हा दुसरा खड्डा. ‘उद्यम’ ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला लेखी करार असला तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसला तर १५ दिवसांत पैसे देणं कायद्यानं बंधनकारक आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज. मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही, हे २०२३-२४ च्या आर्थिक वर्षापासून आलं. वितरक आणि मोठ्या दुकानांपुढे बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की याचा उपयोग होतो. गल्लीतल्या किराणा दुकानात कायदा चालत नाही. तिथे साधा नियम: मागचं बिल मिळाल्याशिवाय पुढचं खोकं नाही. हा नियम गाडीवरच्या मुलावर सोडू नये, त्याला ‘घरचंच दुकान आहे’ म्हणून परतवलं जातं. बाकी कुणाची किती, याची यादी त्याच्या हातात छापून द्यावी.

ऑर्डरींसाठी एकच फोन आणि एकच वही. व्हॉट्सॅपवर तिघांच्या फोनवर ऑर्डरी येऊ लागल्या, त्यात निम्म्या बोलून पाठवलेल्या, की माल दोनदा जातो किंवा जातच नाही. संध्याकाळी पाचनंतर आलेली ऑर्डर दुसऱ्या दिवसाची. पैसे घरच्या खात्यावर घेणं बंद, चालू खात्याचा क्यूआर दुकानात आणि गाडीवर. हिशेबाचं सॉफ्टवेअर घ्यायची घाई करू नये. तीन महिने वहीतला साठा आणि गोदामातला साठा आठवड्याला जुळू लागला की मग घ्यावं. वहीत न जुळणारा साठा संगणकातही जुळत नाही, फक्त तो छापून येतो. आठवड्याला सगळा माल मोजणं होत नाही, म्हणून दर शनिवारी एकच वस्तू मोजायची, कोणती ते त्याच दिवशी ठरवायचं.

खरेदी सोपवताना

सगळ्यात शेवटी सुटतं ते मिरचीच्या बाजारातलं काम. इथे नुसतं बघून शिकणं पुरत नाही. आम्ही खरेदीला दोघांना नेतो आणि प्रत्येक ढिगाचा भाव, ओलावा, रंग आणि तिखटपणा दोघंही वेगवेगळ्या चिठ्ठीवर लिहितात. एकमेकांना दाखवायचं नाही. गाडीत बसल्यावर चिठ्ठ्या जुळवतात. युनिटला आल्यावर प्रत्येक गोणीतली किलोभर मिरची देठ काढून, वाळवून, दळून बघतात आणि चिठ्ठीतला अंदाज किती चुकला ते त्याच चिठ्ठीच्या मागे लिहितात. नव्या माणसाच्या चिठ्ठ्या जुन्याच्या जवळ येऊ लागल्या की त्याला आधी एका गोणीची, मग दहा गोण्यांची मोकळीक. मोठी ऑर्डर, म्हणजे एखाद्या सुपरमार्केटची किंवा परगावच्या वितरकाची, आम्ही हे झाल्याशिवाय घेत नाही. खरेदीला दुसरा माणूस तयार नसेल, तक्त्यावर भाजणीला दोन ‘४’ नसतील, किंवा ४५ दिवसांचे पैसे थांबले तर पगार निघणार नाही, यातलं एक जरी खरं असेल तर त्या हंगामाला नकार कळवायचा आणि पुढच्या जानेवारीत पुन्हा नमुने पाठवायचे.